तांदळाची दिंडं

आईचं माहेर बारामतीकडचं, गव्हाच्या मुलखातलं. लग्न होऊन ती लोणावळ्याला रेल्वेच्या चाळीत आली, तेव्हा इथल्या दोन गोष्टी तिच्या काही केल्या अंगवळणी पडेनात. एक म्हणजे चार-चार महिने न वाळणारं धुणं आणि दुसरी म्हणजे दोन्ही वेळचा भात. वडील रेल्वेत फिटर होते, मूळचे कामशेतजवळच्या वडिवळ्याचे. त्यांना भात नसला तर जेवल्यासारखं वाटत नसे, आणि आईला पोळी नसली तर. मग आमच्याकडे दोन्ही होई. तांदूळ वडिवळ्याहून आत्याच्या घरून येई आणि गहू रेशनवर मिळे.

नागपंचमीला आई दिंडं करायची. कणीक मऊ भिजवून तिची पातळ पोळी लाटायची, मधोमध हरभऱ्याच्या डाळीचं पुरण ठेवायचं आणि चारी बाजूंनी पोळी दुमडून चौकोनी पुडी करायची. त्या दिवशी काही चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही, म्हणून दिंडं वाफेवर शिजत. पातेल्यात उकळतं पाणी, वर चाळण, चाळणीत हळदीची पानं आणि पानांवर दिंडं. आईच्या माहेरची कसोटी अशी की उकडल्यावर आतल्या पुरणाचा पिवळा रंग बाहेरून दिसला पाहिजे, पण एकही पुडी फुटता कामा नये. आईचं दिंड फुटलेलं मी पाहिलं नव्हतं. वरून तूप ओतून आम्ही ती गरमच खायचो.

माझी धाकटी बहीण माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. पहिलं वर्ष छान बाळसेदार होती. वरचं अन्न सुरू झालं आणि तिचं बिनसत गेलं. सारखं पोट बिघडायचं. हातापायांच्या काड्या झाल्या आणि पोट तेवढं टपोरं. अडीच वर्षांची झाली तरी धरून धरून चालायची. आईने दृष्ट काढली, अंगारे लावले, गावातल्या डॉक्टरांची औषधं केली. मूल अशक्त आहे म्हणून ती तिला दुधात कुस्करलेली पोळी भरवायची, खपली गव्हाची खीर द्यायची, तीन-तीन दिवस गहू भिजवून त्याचं सत्त्व काढायची. पोर जितकी वाळत जाई, तितकं आई गव्हाचं जास्त करी.

त्या उन्हाळ्यात आई स्वतःच आजारी पडली, म्हणून आम्हा दोघींना दोन महिने वडिवळ्याला आत्याकडे ठेवलं. आत्या वडिलांची थोरली बहीण. नवरा वारल्यापासून ती माहेरीच राहून भातशेती बघायची. तिच्याकडे गहू नव्हताच. सकाळी पेज, दुपारी तांदळाची भाकरी आणि उडदाच्या पिठाचं डांगर, संध्याकाळी आमटी-भात. महिन्याभरात बहिणीचं पोट सुधारलं. दुसऱ्या महिन्यात ती आत्याच्या कोंबड्यांमागे पळू लागली. वडील न्यायला आले, तर तिला ओळखायला त्यांना एक क्षण लागला. ते म्हणाले, "गावाकडची हवा मानवली हिला."

लोणावळ्याला परत आलो आणि पंधरा दिवसांत सगळं पहिल्यासारखं झालं.

भात लावणी उरकल्यावर आत्या आमच्याकडे आली. दोन दिवस ती बहिणीचं खाणंपिणं बघत राहिली. तिसऱ्या दिवशी आई बहिणीला पोळी भरवत होती, तेव्हा म्हणाली, "वैनी, हवेचं काय न्हाई. हवा लोनावळ्याची बी चांगलीच हाय, ममईची मानसं हवा खायला हितंच येत्यात. पोरगी माज्याकडं जे खात नव्हती, त्ये तुमी तिला चारताय."

"म्हणजे काय, वन्सं?"

"गहू."

आईला राग आला. गहू कुणाला बाधतो का, असं ती वडिलांना चार वेळा म्हणाली. पण वडिलांच्या मनात ते बसलं. रेल्वेच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ते आईला आणि बहिणीला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. मीही बरोबर होते. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी वाकून बहिणीचं पोट बराच वेळ चाचपलं. मग त्यांनी आत्याचं म्हणणं पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि ऐकून म्हणाले, "तुमच्या आत्याबाईंनी माझं अर्धं काम केलंय."

पुढे काही दिवस तिथे राहून तपासण्या झाल्या. शेवटी त्यांनी आईला समोर बसवून समजावलं. गव्हात एक चिकट अंश असतो, कणीक ज्याच्यामुळे ताणली जाते तोच. तो हिच्या आतड्यांना सोसत नाही. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी काहीही द्या. गहू, रवा, मैदा, बिस्कीट, पाव यांतलं चिमूटभरही नको.

"किती दिवस?" आईने विचारलं.

"कायमचं."

परतीच्या गाडीत आई खिडकीबाहेर बघत बसली होती. तळेगाव मागे पडल्यावर ती एकदम म्हणाली, "मी सत्त्व म्हणून देत होते." वडिलांनी तिच्या हातावर हात ठेवला. आमच्यासमोर त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

पोळ्या बहिणीपुरत्या बंद झाल्या आणि ती सुधारू लागली. मग नागपंचमी आली. आईने नेहमीसारखी दिंडं केली. बहीण पाटावर बसून आमच्या ताटांकडे बघत होती. तिच्या ताटात दूधभात होता. ती रडली नाही, हट्टही केला नाही, नुसतं बोट दाखवून म्हणाली, "ते मला नाही?" आईने वडिलांकडे पाहिलं. मग स्वतःच्या ताटातलं अर्धं दिंड मोडून तिला दिलं. "सणाचं आहे," ती म्हणाली. "अर्ध्यानं काय होतंय."

अर्ध्यानेच झालं. पंधरा दिवस ती अंथरुणाला खिळून होती. बहीण उठून बसू लागली तेव्हा आईने घरातला गव्हाचा डबा उचलून शेजारच्या मावशींना देऊन टाकला. वडिलांना आणि मला तिने एवढंच सांगितलं, "आता या घरात गहू येणार नाही. तुम्हाला हवा तर बाहेर खा." पोळीशिवाय जिला घास उतरत नव्हता, ती आमची आई त्या दिवसापासून भाकरी खायला लागली. पुढच्या वर्षी नागपंचमीला तिने काहीच केलं नाही. दूध-लाह्या दाखवल्या आणि वरणभाताचा कुकर लावला.

एवढं करूनही बहिणीचं पोट मधूनच बिघडे. आईला कारण सापडेना. एकदा ती तांदूळ दळायला गिरणीत गेली होती आणि मी पिशवी धरून उभी होते. गिरणीवाले काका डबा हातात घेऊन म्हणाले, "काय आहे वहिनी, तांदूळ? आत्ताच गहू काढलाय, गव्हावरच टाकतो." असं ते रोजच म्हणत असणार. आईने आज ते ऐकलं. गिरणीच्या तोंडातून अजून पडणारं गव्हाचं पीठ तिने हातावर घेतलं, दोन बोटांत चोळलं, आणि तांदूळ न दळताच डबा परत मागितला.

पुढच्या रविवारी वडील वडिवळ्याला गेले आणि आत्याच्या पडवीतल्या दोन जात्यांपैकी लहान जात्याचा वरचा दगड खांद्यावर घेऊन कामशेतपर्यंत चालत आले. खालचा त्याच्या पुढच्या रविवारी आणला. दोन्ही खेपांना गाडीत लोक त्यांना विचारत होते, आणि वडील, जे एरवी फारसं बोलत नसत, प्रत्येकाला सगळी हकीकत सांगत होते. जातं आल्यापासून बहीण पुन्हा कधी तशी आजारी पडली नाही.

ती सहा वर्षांची झाली आणि शाळेत जाऊ लागली. श्रावणात एक दिवस शाळेतून आली ती विचारत, "आई, दिंड म्हणजे काय असतं?" वर्गातल्या मुलींनी सांगितलं होतं की त्यांच्याकडे पंचमीला दिंडं होणार आहेत. तिला ते अर्धं दिंड आठवत नव्हतं. आईने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "करू या."

वडील म्हणाले, "मोदक कर की. तांदळाचेच असतात."

"मोदक चतुर्थीला," आई म्हणाली. "पंचमीला दिंडं."

पंचमीला आठ दिवस होते. पहिल्या दिवशी तिने तांदळाचं पीठ कणकेसारखं गार पाण्यात भिजवलं. पोळपाटावर लाटणं फिरवताच त्याच्या चिरफळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तिने आत्याला निरोप धाडला आणि आत्या आंबेमोहोर तांदूळ घेऊनच आली. "त्यो रोजचा तांदूळ नगं, त्याला चिकटाई न्हाई," ती म्हणाली. तांदूळ धुऊन सावलीत वाळवले, जात्यावर दोन वेळा दळले, तलम कापडातून चाळले. मग आत्याने आईला उकड शिकवली. पाण्याला उकळी, त्यात मीठ आणि लोण्याचा गोळा, वर पीठ, झाकण, आणि उतरवल्यावर गरम असतानाच मळायचं. आई पाण्याचा हात लावून निवायची वाट बघत होती. आत्या म्हणाली, "निवू नगा दिऊ. हात भाजला पायजे, तवा मऊ व्हतं."

पीठ सुरेख झालं. गोल पोळीही लाटली गेली. पण दुमडायला गेलं की कोपऱ्यावर ती तडकायची आणि पुरण बाहेर यायचं. कणकेत जे ताणणारं होतं तेच नेमकं यात नव्हतं. आई कोपरे बोटाने सांधायची आणि ते वाफेवर पुन्हा उघडायचे. जाड केलं तर शिजून रबरासारखं लागायचं. चार दिवस आम्ही सगळे फुटकी दिंडं खात होतो. आत्या म्हणाली, "चवीला काय वंगाळ हाय? असू द्या की फुटकं." आईने मान हलवली.

पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी आई बराच वेळ पोळपाटाशी बसून होती. मग तिने वडिलांचं जुनं धोतर फाडून त्याचा हातरुमालाएवढा तुकडा काढला, ओला करून पिळला आणि पोळपाटावर पसरला. त्यावर उकडीचा गोळा ठेवून बोटांनी थापू लागली. मी विचारलं, "हे काय करतेस?"

"धपाटी," ती म्हणाली. "आमच्याकडे धपाटी अशीच थापतात. ओल्या फडक्यावर."

थापून पातळ झाल्यावर तिने मध्ये पुरण ठेवलं, आणि पोळीला हात न लावता फडक्याची एक बाजू उचलून ती दुमडली. फडकं अलगद सोडवलं. मग दुसरी बाजू, तिसरी, चौथी. पोळीवर कुठेच ताण आला नाही. चौकोनी पुडी तिने फडक्यावरूनच हळदीच्या पानावर उलटी केली. आम्ही तिघी चुलीपाशी बसून राहिलो. आईने झाकण काढलं तेव्हा वाफ गेल्यावर दिंड दिसलं. पांढरं, अख्खं, आणि आतून पिवळी झाक मारणारं.

आत्या म्हणाली, "जमलं की वो."

आईने डोळ्यांना पदर लावला आणि दुसरा गोळा हातात घेतला.

पंचमीच्या दिवशी चार ताटं मांडली, आत्याचं पाचवं. बहिणीने आपल्या ताटातल्या दिंडाकडे पाहिलं, मग माझ्या आणि वडिलांच्या. लोकांकडे जेवायला गेलं की तिला आजवर सगळं वेगळं मिळत आलेलं. तिने विचारलं, "माझं कोणतं?"

"सगळी तुझीच," आई म्हणाली. "आम्ही तुझ्यातली खातोय."

बहिणीने चार खाल्ली.

दोन वर्षांनी मामा आईला पंचमीसाठी न्यायला आला. बहिणीमुळे आई कित्येक वर्षं सणाला माहेरी गेली नव्हती. या खेपेला ती आम्हा दोघींना घेऊन निघाली, बरोबर दळलेलं पीठ, आपली परात, चाळण आणि फडकं घेऊन. माहेरच्या स्वयंपाकघरात सगळ्या बायका कणकेची दिंडं करत होत्या. आई लांब, मागच्या दारापाशी चूल मांडून बसली. मोठ्या मामीने थोडा वेळ बघितलं. मामी फटकळ म्हणून प्रसिद्ध, त्यामुळे मला वाटलं आता ती काहीतरी बोलणार. ती उठली, आडावर जाऊन कोपरापर्यंत हात राखेने घासून धुऊन आली, आणि आईसमोर मांडी घालून बसली.

"दाव मला," ती म्हणाली. "पोर उद्या सुट्टीला एकटी आली, तर म्या काय तिला नुसता भात घालू?"

मामीची पहिली तीन फुटली. चौथं बरं झालं. माझी बहीण तिच्या शेजारी उकिडवी बसून, मोठ्या माणसाच्या सुरात, फडक्याचं कोणतं टोक आधी उचलायचं ते तिला सांगत होती.