चौकोन म्हणजे चौरसच

मुलीचा बँकेच्या परीक्षेचा अभ्यास आमच्या पडवीत होत असे, त्याचं कारण माझे सासरे. यजमान मुंबईला नोकरीत, त्यामुळे घरात सासऱ्यांचा शब्द चाले. दिवेलागणीनंतर मुलीने घराबाहेर पाय टाकायचा नाही, असं ते म्हणाले. मग आळीतले निवृत्त मास्तर आणि आणखी तीन मुली आमच्याकडेच येऊ लागल्या. ऐंशीनंतरची गोष्ट. तेव्हा रत्नागिरीत ज्याला त्याला आपली पोर बँकेत चिकटवायची होती.

मी चौथी पास. चहा द्यायला जायची आणि उंबऱ्यात उभी राहायची. आत काम पडलेलं असे, तरी राहायची. हिशेबात मी कुणाला ऐकणारी नाही, असं मला वाटे.

गणितं विचित्र होती. उत्तर काढायचंच नाही. दिलेल्या माहितीवरून उत्तर निघेल का, एवढंच सांगायचं. मास्तर इंग्रजी पुस्तकातलं वाचून मराठीत सांगत. एका संध्याकाळी म्हणाले, "एक चौकोन आहे. तो चौरस आहे काय? पहिली माहिती, चारी बाजू सारख्या. दुसरी, दोन्ही कर्ण सारखे. कुठली पुरेल?"

मुली विचारात पडल्या. मी उंबऱ्यातून म्हटलं, "मास्तर, चौकोन म्हणजे चौरसच. त्याला माहिती कशाला हवी? चौकोन काय वाटोळा असतो?"

आमच्याकडे चौकोनी वडी म्हणजे चारी बाजूंनी सारखी, कोपरे सरळ. दुसऱ्या कशाला आम्ही चौकोन म्हणतच नव्हतो.

मुली हसल्या. एक म्हणाली, "काकू, तुम्हीच बसा परीक्षेला."

मास्तर हसले नाहीत. "वहिनी, पुस्तकात चार बाजूंच्या कुठल्याही आकृतीला चौकोन म्हणतात. वाकडीतिकडी असली तरी."

एवढ्यावर मी आत जायचं होतं. पण मी म्हटलं, "बरं, मग चारी बाजू सारख्या म्हणताय ना? झालं की. आणखी काय हवं?"

पुन्हा हशा. माझ्या मुलीने मान इतकी खाली घातली की वेणी वहीवर पडली.

सकाळी विहिरीवर ती म्हणाली, "मी आजपासून बसत नाही."

"का गो?"

"वर्ग दुसरीकडे नेला तर आजोबा सोडणार नाहीत. आणि इथे तू आहेस."

"मी तोंड उघडणार नाही."

"तू?" एवढंच म्हणाली आणि कळशी कमरेवर घेऊन गेली. ते 'तू' मला अजून लागतं.

त्या दिवसापासून मी चहा उंबऱ्यावर ठेवून आत जाऊ लागले. ती बसली.

दिवाळीला शंकरपाळे करत होते. पोळी लाटली, कातण आधी आडवं फिरवलं, मग तिरकं. एक उचलला आणि हात थांबला. चारी बाजू सारख्या, पण चौरस नव्हे. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत लांब, दुसरीकडून आखूड. म्हणजे कर्ण सारखे नव्हते. तेही सारखे असते तरच चौरस झाला असता. दोन्ही गोष्टी हव्या होत्या. लग्न झाल्यापासून मी असे शंकरपाळे ढिगाने कापत आले, आणि चारचौघांत विचारलं, आणखी काय हवं. चुलीपाशी एकटी होते तरी कान तापले.

संध्याकाळी मुलींना फराळ द्यायचा होता. बशीत शंकरपाळे दिसले की त्यांना ते गणित आठवणार, आणि गणिताबरोबर मी. म्हणून पोळीच्या कडेचे निमुळते, तिकोनी तुकडे तेवढे वेचून बशी भरली.

"काकू, शंकरपाळे मोडले काय?" मला परीक्षेला बसा म्हणालेली तीच मुलगी म्हणाली.

"मोडले," मी म्हटलं. कापता येत नाहीत असं तिला वाटलं तर वाटू दे.

माझ्या मुलीने एक तुकडा उचलला, जरा पाहिला, तोंडात टाकला. "मास्तर, पुढचं घ्या," ती म्हणाली.

मी आत गेले. परीक्षेपर्यंत वर्ग आमच्याच पडवीत भरला.