सातव्या प्रकरणात काय होतं

तळटीपराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वर्तमानपत्राच्या कचेरीत एकतीस वर्षं प्रूफं तपासणाऱ्या माणसाला खरं नाव असतं, नाही असं नाही. पण ते हजेरीपटावर असतं आणि तिथेच राहतं. रविवारच्या पुरवणीत पाचव्या पानाच्या पार तळाला, वाचणाऱ्याचा अंगठा टेकतो नेमक्या त्या जागी, त्यांचं एक छोटं सदर यायचं. कुणाला ठाऊक नसलेल्या पुस्तकांविषयी, दीडशे शब्दांत, खाली नाव नाही. सदर तळाला, आणि माणूसही असा की चहाच्या वेळी कुणी काही बोललं की "त्याचं असं आहे" म्हणून बारीकसारीक माहितीचं शेपूट जोडणार. कुणीतरी तळटीपराव म्हणालं, ते चिकटलं.

कथाकादंबऱ्यांच्या वाटेला ते जात नसत. त्यांचा जीव माहितीच्या पुस्तकांवर, आणि त्यातही लेखकाच्या घरच्यांनीसुद्धा पूर्ण वाचली नसतील अशा पुस्तकांवर. एका कुलूपदुरुस्तीवाल्याने लिहिलेलं ‘कुलपांचे पोटविकार’. एका गवंड्याचं जिन्यांवरचं पुस्तक. जुन्या जिन्याची एक पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच का निघते याचा त्यात चाळीस पानं ऊहापोह होता. भिंतीतल्या वाळवीबरोबर बावीस वर्षं काढलेल्या एका पोस्टमास्तरांचं आत्मचरित्र, निम्मं त्यांचं आणि निम्मं वाळवीचं. ही माणसं जन्मभर एकाच गोष्टीकडे बघत बसतात, एकच पुस्तक लिहितात, ते पदरमोड करून छापतात आणि एक दिवस निघून जातात. त्यांच्यामागे कुणीतरी ते वाचायला हवं, एवढंच तळटीपरावांचं म्हणणं होतं.

चौदा वर्षं त्यांनी ते सदर लिहिलं. प्रूफं तपासून डोळ्यांचा चुथडा झाल्यावर घरी जाऊन पुन्हा डोळे पुस्तकात घालायचे, याला वेड म्हणतात, आणि त्यांची बायको तसं म्हणायचीही. त्यांना त्या बदल्यात फार काही नको होतं. आपलं वाचून एका माणसाने, फक्त एकाने, त्यातलं एखादं पुस्तक शोधून हातात घ्यावं आणि आपल्याला येऊन सांगावं. कुलपांचं घ्या, वाळवीचं घ्या, आमचा आग्रह नाही.

पत्रं यायची, पण पानाच्या पाठीला छापलेल्या शब्दकोड्यासाठी. ढिगाने यायची. एकदा चुकून एक पाकीट तळटीपरावांच्या टेबलावर पडलं. उघडण्याआधी त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली. आत आडव्या नवव्या शब्दाला एक घर कमी पडल्याबद्दलचा संताप होता, दोन्ही बाजूंनी लिहिलेला.

"आज काय, कुलूप की वाळवी?" बायको विचारायची.

"आज वजनकाट्यांचा इतिहास."

"अहो, मी तुमचं सदर वाचते ना, तेवढ्यावर भागवा. पुस्तक वाचायला लावू नका."

ती एकटीच त्यांची खात्रीची वाचक होती. मग एका सकाळी ती दूध गॅसवर ठेवायला उठली आणि ओट्यापाशीच कोसळली. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. डॉक्टरांचं काय जातं वाट बघायला सांगायला.

पाच महिने तळटीपरावांनी तिचं सगळं केलं. कूस बदलणं, पातळ करून भरवणं, चादर न ओढता बदलणं. कचेरीत अर्धा दिवस, बाकी वेळ तिच्या उशाशी. आणि तिसऱ्या महिन्यात असा एक आठवडा आला की गुरुवारी दुपारपर्यंत सदर द्यायचं होतं आणि त्यांनी एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तिच्या पलंगाला टेकून, गुडघ्यावर कागद घेऊन त्यांनी एक पुस्तक रचलं.

‘उशाशी’, असं त्याचं नाव. लेखिका एक परिचारिका, नाव न देणारी. कुठल्याशा लहानशा छापखान्यात छापलेलं, बारा प्रकरणांचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा कशी करावी याचं साधं, जाणतं पुस्तक. पुढे त्यांनी लिहिलं: ‘सातव्या प्रकरणात, दीड वर्ष वाचा गेलेला रुग्ण पुन्हा बोलू लागतो. परिचारिकेने त्यासाठी जे केले ते इतके साधे आहे की वाचताना रडू यावे. ते इथे सांगून वाचकांचा आनंद हिरावून घेत नाही. हे प्रकरण एकदा वाचले की विसरता येत नाही.’

काय केलं ते त्यांनी लिहिलं नाही, कारण ते त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर ते कागदावर कशाला लिहीत बसले असते? पलंगावरच्या बाईला बोलतं नसतं का केलं?

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका डोळ्यांत तेल घालून शोधलेला हा माणूस. स्वतःचं सदर छापून आलं तेव्हा त्याला लाज वाटली. पण वाचतंय कोण, असं म्हणून त्याने ती गिळली. दोन महिन्यांनी बायको गेली, एक शब्दही न बोलता. ‘उशाशी’ त्याबरोबरच संपलं, असं तळटीपरावांना वाटलं.

त्यानंतर दोन वर्षांनी पुरवणीचा नवा संपादक आला. वयाने अर्धा, स्वभावाने बरा. त्याने तळटीपरावांना बसवून घेतलं, चहा मागवला, आणि चहा मागवला म्हणजे काय ते तळटीपराव समजले.

"तळाची जागा जाहिरातीला द्यायची ठरलंय," संपादक म्हणाला. "तुमच्या लिखाणाबद्दल तक्रार नाही काही. पण काका, एक तरी पत्र दाखवा ना मला. मी वर भांडतो तुमच्यासाठी."

तळटीपरावांजवळ दाखवायला काय होतं? आडवा शब्द नऊ. त्यांनी शेवटचं सदर मागून घेतलं आणि त्यात पुस्तकाऐवजी विनंती लिहिली: या सदरामुळे कुणी कधी एखादे पुस्तक वाचले असेल, तर दोन ओळींनी कळवावे. रविवार गेला. सोमवारपासून ते टपाल येण्याच्या वेळी दाराशी घुटमळायला लागले. दारावरच्या शिपायाला दया येऊन तो आधीच मान हलवायचा, म्हणजे त्यांना जवळ यावं लागू नये. असे तीन आठवडे गेले. त्यांनी मनाशी हात टेकले. चौदा वर्षं आपण भिंतीशी बोलत होतो, आणि भिंतीला निदान वाळवी तरी असते.

चौथ्या आठवड्यात मंगळवारी दुपारी शिपायाचा खालून फोन आला. "एक बाई आल्यात. पुस्तकांवर लिहिणारे कोण ते विचारतायत. तुमच्या पुस्तकाचंच आहे."

तळटीपरावांनी टेबलावरची प्रूफं एका बाजूला सारली, शेजारची धड खुर्ची ओढून आणली, कंगवा फिरवला. बाई वर येईपर्यंत त्यांनी अख्खी यादी मनात धुंडाळली. जिन्यांचं असेल. जिन्यांचं पुस्तक खरंच फार चांगलं होतं.

बाई पंचावन्नच्या आसपासच्या, जिने चढून दमलेल्या. बसल्या. पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं कात्रण काढलं आणि टेबलावर ठेवलं. पालथं पडलं ते, कोड्याची बाजू वर. मग त्यांनी ते उलटलं.

‘उशाशी’.

तळटीपरावांच्या पायाखालची जमीन सरकली, आणि ते मात्र तिथेच बसून राहिले. हसू चेहऱ्यावर तसंच होतं, ते कुठे ठेवावं त्यांना कळेना.

"तुम्ही सदर नेहमी वाचता?" काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं.

"नाही हो. औषधाच्या दुकानातून बाटल्या गुंडाळून आल्या होत्या यात. त्यावर पेपरचं नावही नव्हतं. दोन वर्षं शोधतेय मी हे पुस्तक. ग्रंथालयं झाली, जुनी पुस्तकं विकणारे झाले. नर्सेसच्या कॉलेजात गेले, त्यांनी मलाच वेड्यात काढलं. परवा शेजारचे आजोबा म्हणाले, हे कोडं तर आमच्या पेपरातलं. म्हणून इथपर्यंत आले."

"घरी कोण..."

"माझी मोठी बहीण. आईमागे तिनेच वाढवलं मला. सव्वादोन वर्षं झाली. सगळं कळतं तिला, पण शब्द नाही." बाईंनी कात्रणावर बोट ठेवलं. "पुस्तक मिळत नसेल तर राहू द्या. छापून संपलं असेल, मी समजू शकते. पण तुम्ही वाचलंय ना? तेवढं सातवं प्रकरण सांगा मला. बाकी अकरा नकोत."

तळटीपरावांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला.

"आता आठवत नाही नीट," ते म्हणाले.

बाईंनी कात्रण त्यांच्याकडे सरकवलं. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट विनवणीचाच होता. "असं कसं? एकदा वाचलं की विसरता येत नाही, असं तुम्हीच लिहिलंय."

काहीतरी सांगून टाकावं, असं त्यांना वाटलं नाही असं नाही. लहानपणीची गाणी म्हणा. रोज एकच प्रश्न विचारा आणि उत्तराची वाट बघा. काहीही चाललं असतं. बाई ते घेऊन पळत घरी गेल्या असत्या, आणि पुढची दोन वर्षं रोज तेच करत बसल्या असत्या. ते त्यांच्या डोळ्यांसमोर आलं आणि तोंडाशी आलेलं वाक्य त्यांनी परत ढकललं.

"बाई, असं पुस्तक नाही," ते म्हणाले. "मी रचलं ते. त्या आठवड्यात माझी बायको तशीच पडून होती. माझ्याकडे लिहायला पुस्तक नव्हतं."

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी मथळा मोठ्याने वाचत होतं.

"मग त्या बोलल्या?" बाईंनी विचारलं.

"नाही."

त्यांनी रागावावं, ओरडावं, कात्रण तोंडावर फेकावं, असं तळटीपरावांना मनापासून वाटत होतं. तसं काहीच झालं नाही. बाई कात्रणाची घडी घालत राहिल्या, जुन्याच घडीवर.

"डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, की नाही बोलायची ती आता," त्या म्हणाल्या. "मी ताईला म्हटलं, त्यांचं नको मनावर घेऊस. त्यांनी हे पुस्तक वाचलेलं नाही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तुम्हीच या घरी. तिला मी रोज सांगत आलेय, पुस्तक मिळालं की झालं. मला हे तिला सांगवणार नाही."

नाही म्हणायला तळटीपरावांना तोंड नव्हतं. त्यांनी प्रूफांची पिशवी खांद्याला लावली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बाईंच्या मागोमाग निघाले.

दोन खोल्यांचं घर होतं. आतल्या खोलीत खिडकीशी पलंग, शेजारी औषधांचं स्टूल, भिंतीला लावलेली चाकांची खुर्ची. खोलीला वास नव्हता. पाठीवर पडून असलेल्या ताईच्या अंगावरची चादर कडेला सरळ खोचलेली होती. अशी चादर घालायला किती वेळ लागतो ते तळटीपरावांना ठाऊक होतं. या बाईला ‘उशाशी’मधली अकरा प्रकरणं कुणी शिकवायची गरज नव्हती. तिनेच ती लिहिली असती, आणि कुणी वाचली नसती.

"ताई," बाई वाकून म्हणाल्या, "ते पुस्तकवाले आलेत बघ."

ताईचे डोळे हलले. त्यांनी तळटीपरावांच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. ते थेट पिशवीवर गेले आणि तिथेच थांबले. चौदा वर्षं ज्या एका वाचकाची वाट पाहिली तो हा असा, इतक्या आतुरतेने बघणारा. आणि पिशवीत शेअरबाजाराच्या पानाची प्रूफं होती.

ते स्टुलाशेजारी बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. हळू, सोप्या शब्दांत, काही न गाळता: बायको, गुरुवार, गुडघ्यावरचा कागद, सातवं प्रकरण. माफी मागितली. त्यांचं बोलणं संपलं तरी ताई पिशवीकडेच बघत होती. मग तिची मान हलली. सावकाश, अडखळत, उशीवर घासत ती भिंतीकडे वळली.

"मान वळवली," बाई म्हणाल्या. त्यांनी तळटीपरावांचा दंड घट्ट धरला. "पाहिलंत ना तुम्ही? मान वळवली तिनं. सव्वादोन वर्षांत कधी नव्हती वळवली."

त्या लगबगीने पलंगाला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेल्या, ताईच्या तोंडासमोर वाकल्या, आणि तिच्या मिटल्या डोळ्यांतून उशीवर ओघळणारं पाणी पाहून तशाच उभ्या राहिल्या. "तुम्ही जा आता," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या.