सोबत एक पाहुणा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही — पत्नीलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतो आहे, तेही नीटसे ठाऊक नाही.

दरवर्षी या महिन्यात माझ्या क्रेडिट कार्डाचे वार्षिक शुल्क येते. पुसदच्या एका महाविद्यालयात मी वाणिज्य शिकवतो. सवयीने कागद घेऊन बसतो. एका बाजूला शुल्क, दुसऱ्या बाजूला सवलती — हॉटेलातली सूट, विमा, विमानतळावरचे लाउंज. पाच वर्षांत विमानाने मी एकदाच गेलो. उत्तर दरवेळी तेच येते: कार्ड बंद करावे. मग सवलतींच्या यादीतली लाउंजखालची एक ओळ पुन्हा वाचतो. 'सोबत एक पाहुणा विनामूल्य.' आणि कागदाची घडी घालून ठेवतो.

तो एकच प्रवास. बंगळुरूला पुतणीचा पदवीदान समारंभ होता. तिचे वडील, माझे थोरले बंधू — दादा — बोरी अरबला शेती करतात. आयुष्यात प्रथमच विमानात बसणार होते. खांद्यावर दुपट्टा, हातात कापडी पिशवी, पिशवीत वहिनींनी बांधून दिलेल्या भाकरी. नागपूरच्या विमानतळावर लाउंजच्या काचेतून मला आत आमच्या संस्थेचे अध्यक्ष बसलेले दिसले. एवढेच. याहून अधिक काही घडले नव्हते.

दारावरच्या मुलीने विचारले, "सर, आपके साथ कोई है?"

दादा माझ्यामागे तीन पावलांवर उभे होते.

मी म्हणालो — "नहीं."

मग वळून दादांना सांगितले, की या कार्डावर एकालाच सोडतात.

"जाय ना मंग तू. मी बसतो अठी," ते म्हणाले.

तासाभराने बाहेर आलो, तेव्हा त्यांनी माझ्या वाट्याची भाकर राखून ठेवली होती. "खाऊन घे. कार्डानं पोट भरते काय?" मी आत भरपेट जेवलो होतो. तरी ती भाकर खाल्ली.

पुढे गावात ते कौतुकाने सांगत, "माह्या भावाजोळ असं कार्ड हाये, एकालेच सोडते!" मी ऐकून घेत असे. त्यांना ते खरे वाटले, असे मी कित्येक दिवस मानत आलो. पण दारावरची मुलगी तर हिंदीत बोलली होती — आणि बोरीच्या बाजारात दादांचे निम्मे बोलणे हिंदीतच चालते. मग त्यांनी ऐकले नसेल? की ऐकले, आणि तरीही गावासमोर मला झाकले? मी कधी विचारले नाही. विचारायला आधी सांगावे लागले असते.

गेल्या महिन्यात बोरीला गेलो होतो. ओसरीवर सगळे बसलेले असताना सहज म्हणालो, शुल्क फार आहे, ते कार्ड बंद करावे म्हणतो. दादा तुरीच्या शेंगा सोलत होते. मान वर न करता म्हणाले,

"राहू दे ना, बाप्पा. एकट्याले पुरते ते."

सगळे हसले. मीही हसलो.

काल शुल्क भरले.