सुमनच्या वहीतली सीमा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, निवृत्त होताना माझ्या शिस्तीचं तोंडभर कौतुक करणाऱ्यांना तर नाहीच. तुम्ही ना नात्यातले ना गोत्यातले, म्हणून तुम्हाला सांगतोय — की अठ्ठ्याहत्तरीत जीभ सैल झाली म्हणून? जाऊ दे. सांगतो.

पस्तीस वर्षं मी इतिहास-भूगोल शिकवला. आता कोल्हापुरात मुलाच्या फ्लॅटवर असतो. टीव्हीवर कुठल्या तरी युद्धानंतरचा करार आणि त्याची नवी सीमा दाखवायला लागले, की उठून गॅलरीत जातो. घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याला बातम्यांचा कंटाळा आला. कंटाळा कसला? नकाशा बघवत नाही.

एकाहत्तरच्या युद्धावेळी मी कुरुंदवाडजवळच्या एका खेड्यात हायस्कूलवर नवा होतो. नोकरी अजून कायम व्हायची होती. माझ्या आठवीच्या वर्गात सुमन होती — तिचे वडील फौजेत. आपलं सैन्य वाळवंटातून सिंधमध्ये आत शिरलं, त्यात ते गेले. तार आली, देह आला नाही. तिकडंच, जिंकलेल्या मुलखात, त्यांना अग्नी दिला होता.

महिन्याभरानं ती शाळेत आली आणि मधल्या सुट्टीत नकाशांची वही घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. "सर, बाला जाळलं ती जागा आता आपलीच न्हवं?"

जिंकल्याची नशा सगळ्यांनाच होती. आणि खरं सांगू? त्या पोरीच्या तोंडाकडं बघून दुसरं काही बोलवेना. मी "व्हय" म्हणालो.

पुढं सिमल्याला करार झाला. काश्मीरकडची रेषा बदलली, पण वाळवंटातला जिंकलेला मुलूख आपण परत दिला. तिथली सीमा पुन्हा होती तिथं गेली. मी ते वर्गाला व्यवस्थित शिकवलं, फळ्यावर नकाशा काढून — सुमनकडं न बघता. तिला बाजूला घेऊन समजावायला हवं होतं. आज बोलू, उद्या बोलू करत राहिलो.

मग तपासणी आली. सुमन आता नववीत, पण नकाशांची वही तीच. शिक्षण खात्याच्या साहेबांनी नेमकी तीच उचलली. भारताची सीमा पश्चिमेला फुगलेली, आणि त्या फुगवट्यात एक टिंब. "हे काय, मास्तर?" साहेबांना उत्तर द्यायचं सोडून मी तिच्यावरच ओरडलो, "ती जमीन काय तुझ्या बापाची हाय व्हय गं?"

आपल्याकडं हे वाक्य दिवसातून दहादा कुणी ना कुणी कुणाला तरी म्हणतं. एसटीतल्या सीटवरून, नळावरून. कुणाला काय म्हणालो ते मला तोंडातून गेल्यावर कळलं. साहेब हसले, म्हणून पोरंही हसली. सुमन म्हणाली, "व्हय, सर." आणि खाली बसली. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

इथवरचं त्या वर्गातल्या कुणाला आठवतही असेल. एवढंच असतं तर मी तुम्हाला थांबवून घेतलं नसतं. मास्तर बोलून जातात रागाच्या भरात. पण —

ती रेघ तिनं काढलेली नव्हती. मी काढली होती. त्या मधल्या सुट्टीत, "व्हय" म्हणून झाल्यावर, तिच्या वहीत, माझ्या लाल पेन्सिलीनं. टिंबसुद्धा माझंच. आणि साहेबांना मी म्हणालो, "पोरगी मनानंच काहीतरी काढती. मी असलं शिकवलेलं नाही."

तिनं एकदाच माझ्याकडं बघितलं. 'सरांनीच काढलीया' — एवढं तिनं म्हटलं असतं, तर माझी नोकरी गेली असती? छे. साहेबांनी चार शब्द सुनावले असते. तेवढ्याला मी भ्यालो. ती का गप्प राहिली? माहीत नाही. विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

तिची आई शाळेत आली, तेव्हा हेडमास्तरांनी मला बोलावून विचारलं. मी सांगितलं, पोरीचं अभ्यासात लक्ष नाही. वर्षभरात तिचं लग्न झालं.

गेल्या महिन्यात एका लग्नात ती भेटली. केस पांढरे झालेत. भर मांडवात वाकून पाया पडली आणि नातीला पुढं ढकलत म्हणाली, "हे आमचं सर. लई चांगलं शिकवायचं. मीच ढ हुतो, डोसक्यात काय शिरायचंच न्हाय, म्हणून सुटली शाळा."

नात माझ्याकडं बघत होती. भोवती चार माणसं होती. मी हसलो आणि मान हलवली.

सुमन ढ नव्हती. वर्गात पहिली यायची.