मनगटाची साखळी

हवा बदलली की माझा उजवा खांदा अजून कुरकुरतो. मला त्याचा राग येत नाही. तो कुरकुरला की भिवपुरीच्या वसाहतीतलं मैदान आठवतं, आणि तिथं माझं मनगट धरून उभी असलेली माझी मैत्रीण आठवते.

वडील वीजघरात कामाला होते, त्यामुळे आम्ही कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत राहायचो. ती वसाहतीमागच्या गावातली. कॉलेजात जायला लागलो तरी आमच्या मुलींच्या कबड्डी संघात आम्ही दोघी कायम शेजारी. मी डाव्या कोपऱ्यात आणि ती माझ्या उजव्या हाताला. समोरची मुलगी चढाईला आली की बचावातल्या दोघी एकमेकींचा हात धरून सरकतात, त्याला साखळी म्हणतात. बाकीचे संघ बोटांत बोटं अडकवायचे. आम्ही मनगट धरायचो, आणि तेही वळ उठेपर्यंत. सर ओरडायचे, पण ऐकतंय कोण? हे आमच्या गावांचं जुनं खूळ होतं. "आमची साखळी तुटत नाय," असं मैदानाकडेला बसलेल्या बायकासुद्धा पाहुण्या संघाला ऐकवायच्या. केवढा माज होता आम्हाला! आज तो आठवला की हसू येतं, आणि हेवाही वाटतो.

खालापूरकडच्या एका गावात सामना होता. चढाईला आलेली मुलगी चांगली दांडगी होती. ती परत वळली तशी मी डाव्या हातानं तिच्या घोट्यावर झेप घेतली. घोटा मिळाला. ती मला घेऊन मधल्या रेषेकडे निघाली आणि मागून मैत्रिणीनं माझं उजवं मनगट धरून ठेवलं. सोडायचं नाही हेच आम्हाला माहीत होतं. खांद्यात काहीतरी खळकन सरकलं आणि मी तोंड मातीत खुपसून ओरडले.

पुढचा प्रकार आता कोणाला सांगितला तर खरा वाटत नाही. प्रेक्षकांतून एक जुने खेळाडू धावत आले, त्यांनी माझ्या काखेत टाच रोवली, हात ओढला आणि खांदा बसवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही शहाणी, उठून उरलेला सामना खेळले. घरी आल्यावर मात्र केसांपर्यंत हात जाईना.

कर्जतच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हात गळ्यात बांधून दिला आणि नंतर व्यायामासाठी एका फिजिओथेरपिस्ट ताईकडे पाठवलं. ताई बाजारपेठेतल्या कोकणी मुसलमान घरातली. खाली तिच्या वडिलांचं मसाल्याचं दुकान आणि माडीवर तिची खोली. जिना चढतानाच मिरचीच्या खकाण्यानं शिंक यायची, आणि शिंकेसरशी खांद्यातून कळ जायची. सगळी हकिकत ऐकून ताई आधी माझ्यावरच भडकली.

"बैलगाडीचं चाक आहे का गं ते, लाथ देऊन बसवायला? आत हाड मोडलेलं असतं, नस चिमटली असती म्हणजे?"

मग तिनं खांद्याच्या बाहेरच्या बाजूला कापूस फिरवून विचारलं, कळतंय का? नाडी पाहिली. बोटं पसरायला लावली. शेवटी मला उताणं झोपवून हात बाजूला घेतला आणि अगदी सावकाश मागं वळवला. हे करताना ती खांद्याकडे बघतच नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती.

"दुखतंय?"

"नाही."

"मग घाबरलीस का?"

मी घाबरले होते खरी. हात आणखी जरा मागं गेला तर खांदा निसटणार, असं आतून वाटत होतं. ताईनं हात लगेच पुढं आणला. म्हणाली, "ही भीती जाईपर्यंत मैदान बंद."

मला खांद्याची काळजी नव्हती असं नाही. पण त्याहून मोठी काळजी दुसरीच होती. मैत्रीण मैदानावर यायची थांबली होती. रस्त्यात दिसली की मान खाली घालून जायची. एकदा तिच्या दारात जाऊन उभी राहिले, तर म्हणाली, "माज्या हातानं झालं गं. आता मी कुनाचाच हात नाय धरनार." मला रडूच फुटलं. तिच्याशिवाय खेळायचं तर कबड्डी कशाला खेळायची!

मग मी इरेला पेटले. वाकून हात लोंबता सोडायचा आणि हलवायचा. भिंतीवर बोटांनी सरसर चढायचं. पुढं खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून ओढायचा, भिंतीवर चेंडू मारून झेलायचा, हात टेकून अंगाचा भार पेलायचा. खालून बाजारातली बोलणी ऐकू यायची आणि वर मी ताईच्या नावानं पुटपुटत घाम गाळायची. दुखणं गेलं, ताकद आली, गादीवर पडायचा सरावही झाला. तरी उताणं झोपवून हात मागं नेला की माझं तोंड व्हायचं तसंच व्हायचं.

ताई म्हणाली, "आता हा हात कोणीतरी खेळात ओढतात तसा ओढायला हवा. तेव्हा कोणी धरला होता? तिलाच आण."

आणली. अक्षरशः दंडाला धरून आणली. ती जिन्यात शिंकली आणि वर येऊन भिंतीला चिकटून उभी राहिली. ताईनं आम्हाला शेजारी उभं केलं. "मनगट नाही धरायचं, नुसती बोटं अडकवा. आणि हिचं अंग पुढं ओढलं गेलं की तू सोडायचं."

"सोडायचं?" मैत्रीण एकदम उसळली. "मंग तिला साखळी कशाला म्हनायचं?"

"सोडलेला हात पुन्हा धरता येतो. हिचा खांदा दर सामन्यात निखळला तर तू धरणार काय?"

त्या खोलीत आम्ही दोघी धरायला आणि सोडायला शिकलो. आधी ती नुसतं बोट लावायची. मग हळूहळू ओढायला लागली, मग चिडवत, "घाबरली गं घाबरली!" म्हणत. एके दिवशी ताईनं हात मागं नेला तेव्हा मी हसत होते.

परतल्यानंतरच्या पहिल्या सामन्यात मी घोट्यावर झेपावले आणि तिनं बोटं सोडली. घोटा माझ्या हातून निसटला, गुण गेला, आणि शेवटी सामनाही गेला. बायका ओरडल्या, "सोडली गं, साखळी सोडली!" तिनं तिकडे पाहिलंही नाही. माझा खांदा दाबून विचारलं, "बसल्याला हाय ना जागेवर?" जागेवरच होता. मला आनंद झाला, आणि घरी जाऊन मी खूप रडले. ते मनगट धरणं आता कायमचं गेलं, एवढं कळलं होतं.

आता ती नेरळला नव्या इमारतीत राहते. भेटलो की आधी माझा खांदा चाचपते, मग मुलाबाळांची चौकशी. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघीच कोंडाण्याची लेणी बघायला गेलो. चढावर ती मला हात द्यायची, तीही बोटंच अडकवून. उतरताना ओढ्यातल्या दगडावरून तिचा पाय सटकला. मी उजव्या हातानं तिचं मनगट पकडलं. तिचा सगळा भार माझ्या हातावर आला.

"सोड, खांदा जाईल तुजा!" ती ओरडली.

मी घाबरले नव्हते. तिला वर ओढून घेतलं, पलीकडे सपाटीवर आणलं, आणि गाडीपाशी पोचेपर्यंत तिचं मनगट धरूनच चालले. मग तिनं हात वळवला आणि माझं मनगट धरलं, पूर्वीसारखं, वळ उठेपर्यंत.