संघप्रियाचा चेंडू आणि मनकर्णाबाईंचा खराटा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात संघप्रिया खोब्रागडे बास्केटबॉलच्या संघात आली ती निव्वळ उंचीमुळे. अकरावीतच पाच फूट नऊ इंच. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलायचा असला की शिपाई स्टूल शोधायचा नाही, तिला हाक मारायचा. खुशाल सर शिकवायचे भूगोल, पण खेळाचा तासही त्यांच्याच गळ्यात होता. संघात एक मुलगी कमी पडत होती. त्यांनी वर्गात नजर फिरवली, ती हिच्यावर अडली, आणि नाव लिहून टाकलं.

पहिली मॅच चंद्रपूरला झाली. संघप्रियाच्या हातात चेंडू चारदा आला आणि शिट्टीही चारदा वाजली. तीन वेळा ती चेंडू काखेत मारून पळत सुटली. चौथ्यांदा आठवणीनं आपटला, पण स्वतःच्याच पायावर, आणि तो तिथून थेट पाहुण्यांच्या चहात गेला.  परतीच्या एसटीत सरांना राहवलं नाही.

"अवो, तो चेंडू होय. कोंबडी नाई काखेत घेऊन पळाले!"

हे तिच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्याच दिवशी तिनं कॉलेजातला साल निघालेला एक चेंडू मागून घेतला. पण आपटायचा कुठे? कॉलेजचं मैदान मुरमाचं. खड्यावर पडलेला चेंडू उसळून शेजारच्या शेतातल्या धानाच्या बांधीत जायचा. गुळगुळीत सिमेंट गावात एकाच ठिकाणी होतं, राईस मिलच्या पटांगणात. तिचे वडील देवाजीभाऊ तिथंच मशीनवर होते. त्यांनी मालकाची परवानगी आणली. पण मिल मालकाची असली तरी पटांगण मनकर्णाबाईंचं होतं.

मनकर्णाबाई साठीला टेकलेल्या, डोकं संघप्रियाच्या खांद्यालाही लागणार नाही एवढ्या. उकडलेलं धान पटांगणावर पसरायचं, पायांनी परतायचं, वाळलं की गोळा करायचं, हे काम त्या वीस वर्षं करत होत्या. हातात कायम खराटा. धानाच्या दोन पट्ट्यांमधली हातभर वाट दाखवून त्या म्हणाल्या, "एवढ्यातच खेळजो. एक दाना हालला तं चेंडू जप्त."

दहा मिनिटांत चेंडू धानात लोळत होता. मनकर्णाबाईंनी तो उचलून शेडमध्ये नेला आणि त्यावर बसून जेवणाचा डबा उघडला.

"बाई, द्या नं वो," संघप्रिया रडकुंडीला आली.

"आठ दिस धान परत माह्यासंगं. मंग पाहू."

संघप्रियानं आठ दिवस कॉलेज सुटल्यावर धान परतलं. पाय उचलायचा नाही, घासत न्यायचा, रेघ वाकडी होऊ द्यायची नाही. पहिल्या दिवशी पोटऱ्या भरून आल्या. आठव्या दिवशी मात्र ती टोकाला जाऊन खाली न बघता वळायला लागली. चेंडू परत मिळाला. तो ती मान खाली घालून आपटत होती, ते बाईंना बघवेना.

"त्याच्याकडं काऊन पाहून राह्यली? डोक्शावर पान्याचा गुंड असते तवा मी गुंडाकडं पाह्यतो का? समोर पाहाय!"

एका संध्याकाळी बाईंनी गंमत म्हणून चेंडूला खराटा मारला. संघप्रियानं तो वाचवला. हे काही बाईंना खपलं नाही. दुसऱ्या दिवसापासून धान गोळा झालं की त्या पदर खोचून रोज अंगावर यायच्या. कमरेत वाकून, खालून. चेंडू सापडला तर चेंडू, नाहीतर घोटा. संघप्रिया चेंडू या हातातून त्या हातात घ्यायची, पाठीमागून काढायची. मिलमधल्या बाया घरी जायचं सोडून बघत उभ्या राहायच्या.

घोट्यांना तेल चोळताना आईनं विचारलं, "खेळून राह्यली का मार खाऊन राह्यली?"

"दोनी," संघप्रिया म्हणाली.

पुढच्या वर्षी मॅच ऊर्जानगरला होत्या. संघप्रियाकडे चेंडू आला आणि समोरच्या संघाला तो परत दिसेना. एक मुलगी आडवी आली, दोन आल्या, तिघी आल्या. खराटा नसलेल्या मुली तिला फारच सौम्य वाटल्या. ती त्यांच्यातून फिरतच राहिली. सर ओरडत होते, "टाक वो! टाक!" पण मिलमध्ये बास्केट नव्हतंच, त्यामुळे टाकायचं तिला कधी सुचलंच नव्हतं. बास्केटमध्ये टाकायला दिलेले चोवीस सेकंद संपले, शिट्टी वाजली. असं तीनदा झालं.

मध्यंतरात सरांनी कपाळावर हात मारला. "पोरी, पाचही जणी तुह्यामागं धावून राह्यल्या. आपली दिव्या बास्केटखाली एकटी उभी हाय. तिले देत जाय नं!"

मग ती देत गेली. दिव्या मडावीला आयुष्यात इतकं मोकळं कोणी सोडलं नव्हतं. तिनं आठ बास्केट मारले आणि सावली दोन गुणांनी जिंकली. दुसऱ्या मॅचमध्ये समोरच्यांनी दिव्यालाही धरून ठेवलं आणि आमचा संघ सपाटून हरला. दोन्ही मॅच मिळून संघप्रियाचं स्वतःचं बास्केट एक. तोही चेंडू आधी फळ्यावर, मग रिंगवर दोनदा नाचून, नाइलाजानं आत पडला होता.

मनकर्णाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "आता टाकाचं शिकाव लागते," त्या म्हणाल्या, "अन ते मले येत नाई. दुसरा मानूस पाहाय."

सध्या संघप्रिया गडचिरोलीच्या कॉलेजात बी.ए.ला आहे. तिथं सिमेंटचं मैदान आहे, बास्केटही आहे. दहातले चार चेंडू आत जातात. गेल्या वर्षी दोन जायचे.