बाटलीचा खिसा

तात्यासाहेबांनी खाकी कोट माझ्या कटिंगच्या टेबलावर टाकला तेव्हा तो ओला होता. मी आधी शिलाई तपासली. सवयच ती. कुठं उसवलेलं नव्हतं, खिसा शाबूत, खिशावरची पट्टी शाबूत. फक्त खिशातलं तिकिटांचं पुस्तक नव्हतं. कामशेतजवळ पुलावरून जाताना कंडक्टर भर पावसात पायरीवर उभा होता, तेवढ्यात ते खिशातून निसटलं आणि थेट नदीत गेलं.

"मास्तर, तुमच्या कोटाची कमाल आहे," तात्यासाहेब म्हणाले. "गळ्यातल्या झोळीतून पहिलं पुस्तक गेलं, म्हणून तुमच्याकडून कोट शिवला. आता कोटातून दुसरं गेलं."

त्यांच्या मागं दाराशी सखाराम उभा होता. कोट त्याच्याच अंगावरून उतरवलेला. सदऱ्यातून पाणी ठिबकत होतं आणि तो माझ्याकडं बघत नव्हता.

लढाईचे दिवस होते. लोणावळ्याच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान, आणि दुकानापुढंच मोटारी थांबत. तात्यासाहेब तळेगावचे. त्यांच्या दोन मोटारी लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव अशा धावायच्या. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवलेली असे. कोळशाच्या धुरातून गॅस काढायचा आणि त्यावर इंजिन चालवायचं. चढ आला की मोटार रडायची, आणि कंडक्टरनं खाली उतरून सळईनं भट्टी ढोसायची. सखाराम हा त्यातल्या एका मोटारीचा कंडक्टर. कामशेतच्या आतल्या अंगाच्या एका गावचा. घरची दोन भातखाचरं तीन भावांत, त्यामुळं हा मोटारीवर आलेला. चार वर्षं झाली होती.

पुस्तक हरवणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. कोरी छापील तिकिटं कुणाच्या हाती लागतील याचा नेम नसतो. मालकाला संशय यायला तेवढं पुरतं. तात्यासाहेबांनी शांतपणे सांगितलं, की एकदा सोसलं, आता माणूस बदलतो.

मला ते लागलं. सखारामसाठी लागलं हे खरं, पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त कोटासाठी लागलं. मी पुण्याच्या कॅम्पात गोऱ्या साहेबांचे कोट शिवणाऱ्या दुकानात सहा वर्षं काढलेली. इंग्लिश कटिंगचा मला भारी तोरा. सखारामचा कोट मी त्याच तोऱ्यात कापला होता. चार खिसे, चारींवर पट्टी, खांदे बसलेले, कमरेला किंचित आत. ट्रायलला तो आरशापुढं उभा राहिला तेव्हा फौजदार दिसत होता.

मी म्हटलं, "तात्यासाहेब, चूक कोटाची असेल तर शिक्षा त्याला कशाला? आठ दिवस द्या. नवा कोट शिवून देतो. कापड माझ्याकडचं."

कापडावर तेव्हा कंट्रोल होतं. खाकी ड्रिलचा एक तुकडा मी स्वतःच्या कोटासाठी पेटीत जपून ठेवला होता. तो गेला. तात्यासाहेब आठ दिवसांना कबूल झाले. तोवर नवं पुस्तक मात्र ड्रायव्हरच्या पेटीत कुलपात राहील, आणि दर थांब्यावर सखारामनं तिथून तिकिटं मागून न्यायची, असं ठरलं. चारचौघांत ती मोठी मानहानी होती.

कोटात चूक काय हे मला कळेना. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद केलं, टेप गळ्यात टाकली आणि मोटारीत जाऊन बसलो. सखारामला तोच जुना कोट घालायला लावला, आणि पुस्तकाऐवजी खिशात तेवढ्याच मापाची लाकडाची फळी ठेवली.

मोटार हलली आणि दहा मिनिटांत माझा तोरा उतरला.

चालत्या मोटारीत कंडक्टरचा डावा हात सतत वर असतो, छताच्या दांडीला धरलेला. बाकी सगळं एकट्या उजव्या हातानं. तिकीट फाडायचं, पेन्सिल चालवायची, सुटे द्यायचे, घंटीची दोरी ओढायची. डावा हात वर गेला की माझ्या फिटिंगच्या कोटाची डावी बाजू चार बोटं वर चढायची. खिसा तिरका व्हायचा आणि पट्टी आपोआप उघडायची. मग तो खाली बसलेल्या बायकांकडून पैसे घ्यायला वाकला, की फळी अर्धी बाहेर. वळवणच्या पुढं एक खड्डा आला आणि फळी माझ्या पायावर पडली.

शिंपी माप घेतो तेव्हा गिऱ्हाईक टेपेपुढं सरळ उभं राहतं, हात खाली सोडून, श्वास रोखून. सखारामचं माप मी तसंच घेतलं होतं. आणि त्या दिवशी लोणावळ्यापासून तळेगावपर्यंत तो तसा एकदाही उभा राहिला नाही.

आणखी एक गोष्ट त्या फेरीत पाहिली. थांबा नसलेल्या ठिकाणीसुद्धा रस्त्याकडेला बाया हात करायच्या. त्यांना मोटारीत बसायचं नसायचं. रिकामी बाटली वर करायच्या. सखाराम पायरीवरून वाकून ती घ्यायचा आणि सदऱ्याच्या आत पोटाशी खोचायचा. वडगावला दवाखाना होता. तिथून मिक्स्चर भरून घ्यायचं. त्या वेळी औषधाच्या बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असे, एका खाचेपर्यंत एक डोस. परतीच्या फेरीला ती भरलेली बाटली त्याच बाईच्या हातात. पावसाळ्यात ओढे भरले की आतल्या गावांतून वडगावपर्यंत आजारी माणूस आणणं कठीण. औषध सखारामच्या पोटाशी बसून जायचं.

कामशेतला भट्टी ढोसून झाल्यावर तो माझ्याजवळ आला. सदऱ्यावर तांबडा डाग होता.

"मास्तर, नवा कोट करताय तर येक खिसा बाटलीसाटी करा," तो म्हणाला. "वाकलं की बूच निगतं. काल नाणे गावच्या म्हातारीचं निम्मं औषद सांडलं. तिला दमा हाय. सून हितं उभी होती, तिला काय सांगू?"

मी म्हटलं, तुझी नोकरी राहते की जाते ते आधी बघ. तो म्हणाला, "ते तुमी बगताय न्हवं."

त्या दिवशी तळेगावला उतरलो तसा मी तात्यासाहेबांकडं गेलो आणि बाटलीच्या खिशाचं विचारलं. त्यांनी साफ नाही म्हटलं. सखारामच्या आधी त्यांच्याकडं एक कंडक्टर होता. त्याच्या बंडीच्या अस्तरात चोरखिसा सापडला होता. तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं, कंडक्टरला लागतील तेवढेच खिसे, आणि सगळे मला दिसले पाहिजेत. दवाखाना चालवायला मोटार घेतलेली नाही, असंही म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण दुधानं तोंड पोळलं होतं.

आता कोट. हात वर केला तरी अंग वर चढू नये, असा कोट कापायचा कसा? कॅम्पात शिकलेलं सगळं आठवून पाहिलं. साहेब लोक दांडीला लोंबकळत नाहीत, त्यामुळं त्यांच्या कटिंगमध्ये याला उत्तर नव्हतं. उत्तर माझ्याच घरात खुंटीवर टांगलेलं होतं. माझे वडील मावळातल्या शेतकऱ्यांच्या बंड्या शिवायचे. बंडीच्या काखेत ते कापडाचा एक चौकोनी तुकडा तिरका बसवायचे, त्याला चौबगला म्हणतात. त्यामुळं माणूस डोक्यावर भारा घेवो की झाडावर चढो, हात मोकळा फिरतो आणि बंडी जागची हलत नाही. कॅम्पातून परत आल्यावर त्या चौबगल्याला मी हसलो होतो. वडिलांनी ऐकून घेतलं होतं. आता ते नव्हते. त्यांची बंडी खुंटीवरून काढून मी काखेची शिलाई बोटानं चाचपत राहिलो, आणि मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोटारीत. या वेळी माप चालत्या मोटारीत घेतलं, सखारामचा हात दांडीला असताना. मी एका हातानं बाक धरलेलं, दुसऱ्या हातात टेप, आणि मधूनच बाक सोडून आकडे पेन्सिलीनं बाहीवर लिहितोय. कान्हे गावची एक म्हातारी म्हणाली, "का रं सखाराम, गाडीतच नवरदेव करत्यात व्हय तुला?" सगळी मोटार हसली. सखारामही त्या आठवड्यात पहिल्यांदा हसला.

कोट असा झाला. दोन्ही काखांत चौबगला. तिकिटाचा खिसा डाव्या छातीवर, तोंड उजव्या हाताकडं तिरकं, पुस्तकापेक्षा दोन बोटं खोल. सुट्या पैशांचा खिसा उजव्या बाजूला, मध्ये शिलाई घालून दोन कप्पे आणि तळाला चामडं, कारण नाण्यांनी कापड महिन्यात झिजतं. पेन्सिल दोरीला बांधलेली. उजव्या बाहीच्या टोकाला दुहेरी कापड, भट्टीच्या ठिणग्यांसाठी.

आणि तिसरा खिसा. डाव्या बाजूला कमरेच्या मागं, अस्तराच्या आत, फलाटीनचा, बाटलीच्या घेराचा. बाहेरून दिसत नव्हता. मालकांनी नाही म्हटलेलं मला ठाऊक होतं. चोरखिशाची गोष्टही ठाऊक होती. तरी वाटलं, कशाला कुणाला कळतंय, चांगलंच काम आहे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो मी.

आठव्या दिवशी तात्यासाहेब दुकानापुढं आले. सखाराम नवा कोट घालून सकाळची तळेगावची फेरी करून आला होता. परीक्षा म्हणून त्या फेरीत पुस्तक त्याच्या खिशात दिलं होतं आणि ते जागचं हललं नव्हतं. तात्यासाहेबांनी त्याला मोटारीत चढवलं, दांडी धरायला लावली, वाकायला लावलं. कोट जागच्या जागी. ते माझ्याकडं बघून मान हलवत होते. मग कौतुकानं त्यांनी सखारामच्या पाठीवर हात ठेवला, तो खाली आला आणि कमरेशी थांबला.

"हे टणक काय आहे?"

सखारामचा चेहरा उतरला. तात्यासाहेबांनी कोट उलटा केला आणि अस्तरातला खिसा पाहिला. आवाज चढवला नाही. थांब्यावरची चार माणसं मात्र जवळ सरकली.

"याच्यासाठी आठ दिवस मागितलेत होय, मास्तर?"

त्यांनी खिशात हात घातला आणि बाटली बाहेर काढली. रिकामी, धुतलेली, बुचाच्या जागी चिंधीचा बोळा. बाजूला कागदाची खाचांची पट्टी, धुऊन धुऊन निम्मी गेलेली. त्यांनी बोळा काढून वास घेतला, खिसा उलटा करून झटकला. बाकी काही नव्हतं.

"कुणाची?"

"नाण्याच्या म्हातारीची," सखाराम म्हणाला. "दुपारच्या फेरीला भरून न्यायची हाय."

"काय घेतोस तिच्याकडून?"

"औषदाचं काय घ्यायचं, मालक?"

तात्यासाहेबांनी बोळा परत बाटलीत बसवला. मग मला म्हणाले, "मी नाही म्हटलं होतं. तरी तुम्हाला शिवायचाच होता तर बाहेरून शिवायचा. मी भांडलो असतो. फार तर हरलो असतो. आता चार लोकांदेखत मी त्याला चोर ठरवत होतो, त्याचं काय?"

त्यांनी बाटली सखारामच्या हातात दिली. "दुपारच्या फेरीच्या आत हा खिसा उसवा, मास्तर, आणि समोर लावा. बाटलीचं तोंड वर दिसलं पाहिजे."

मी तिथंच पायरीवर बसून उसवला. घाईत टाके वेडेवाकडे आले. ते मी पुढं कधी सुधारले नाहीत. दुपारच्या फेरीला सखाराम गेला तो उजव्या छातीवर बाटली घेऊन, आणि तिकिटांचं पुस्तक ड्रायव्हरच्या पेटीतून कायमचं त्याच्या खिशात आलं. महिन्याभरात तात्यासाहेबांच्या दुसऱ्या कंडक्टरनंही तसलाच कोट मागितला. लांबूनच बाटलीचा खिसा दिसायचा, त्यामुळं बायांना ओरडावं लागत नसे. नाण्याची म्हातारी पुढं तीन पावसाळे जगली.

मग लढाई संपली, पेट्रोल आलं, भट्ट्या भंगारात गेल्या. काही वर्षांनी सरकारी गाड्याही आल्या आणि तात्यासाहेबांनी मोटारी विकल्या. सखारामला सरकारी गाडीवर घेतलं. तिथला कोट कुठून तरी गठ्ठ्यानं शिवून यायचा. एक दिवस तो तसला नवा कोट घेऊन दुकानात आला. केस पिकायला लागले होते.

"मास्तर, हात वर जात न्हाई," म्हणाला.

मी काखेत चौबगला बसवला. तो जायला निघेना. मग खिशातून एक रिकामी बाटली काढून टेबलावर ठेवली.

"साहेबांना विचारलंस का?" मी म्हटलं.

"व्हय. भायेरून लावा म्हणाले."

शिलाई घेतली नाही. टाके मात्र या वेळी सरळ घातले. एवढ्या वर्षांच्या धंद्यात मी दोनच गोष्टी शिकलो: माप माणूस कामात असताना घ्यावं, आणि चांगल्या कामाचा खिसा अस्तरात शिवू नये. पहिली वडिलांना आधीच ठाऊक होती. दुसरी शिकताना एका माणसाची नोकरी जाता जाता राहिली.